यमाचा तलाठी

श्रीधर कोणाच्याही घरी गेला की चपला काढता काढता विचारतो, "तुमच्या घरातल्या मेलेल्या बाया किती?"

समोरच्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबतो. मग श्रीधर खुलासा करतो, "म्हंजे नावं सांगा त्यायची. पुरुषायची लिहून झाली माही." या खुलाशानं आजवर कोणाला बरं वाटल्याचं मला आठवत नाही. मेहकरात त्याला 'यमाचा तलाठी' म्हणतात, आणि ते त्याला माहीत आहे. "तलाठ्यापेक्षा माही नोंद पक्की हाये," असं तो वर ऐकवतो.

श्रीधर माझा चुलतभाऊ. बसस्टँडजवळ त्याचं चष्म्याचं दुकान आहे. लग्न केलं नाही. भर वैशाखात पांढरा सदरा, काळी पँट आणि गळ्यात टाय घालून बसतो. चष्मा करायला आलेल्या म्हाताऱ्यांना तो नंबर नंतर विचारतो, आजीचं माहेर आधी.

तरुणपणी तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि तिथं मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात शिरला. तेवढ्यावर थांबता तर घराण्यानं कसंबसं गिळलंही असतं. पण त्या पंथातली तरुण पोरं दोन वर्षं घरदार सोडून धर्म सांगायला जातात, तसा हा स्कॉटलंडला गेला. गोऱ्यांनी येशू आपल्याकडं आणला असं आम्ही शाळेत शिकलो. आमच्या घराण्यातला माणूस तोच येशू गोऱ्यांना समजावून सांगायला उलटा गेला. गल्लीत 'श्रीधर मिशनवर गेला' एवढीच बातमी पोचली, त्यामुळं बरेच दिवस लोक त्याला सैन्यात समजत होते.

परत आला तो दोन खोडी घेऊन. पहिली म्हणजे कुठं एकट्यानं जायचं नाही. तिकडं त्यांना कायम जोडीनं हिंडावं लागे, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही असा नियम. आता मेहकरात दुसरा मॉर्मन आणायचा कुठून? म्हणून मी. मी गणिताचा मास्तर, देवाशी माझं परीक्षेपुरतं नातं, तरी माझ्या सगळ्या सुट्ट्या त्याच्या मागं हिंडण्यात गेल्या.

दुसरी खोड ही नावांची. त्याच्या पंथात मेलेल्या पूर्वजाच्या नावानं जिवंत माणूस त्यांच्या मंदिरात पाण्यात बुडी घेतो. मग त्या मेलेल्याला तिकडं दार उघडतं. आत यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं, जबरदस्ती नाही. जे येतील ते सगळे पुन्हा एका घरात. फक्त नाव लागतं. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर सापडली. बायकांची कुठं सापडणार? पणजीचं नाव विचारलं तर लोक सांगतात, "पणजी."

वडनेर भोलजीचे रामरावकाका तर काठी घेऊन अंगावर आले. "माह्यं नाव लिहिलं तं पाह्य." श्रीधर शांतपणे म्हणाला, "काका, तुमी जिवंत हा. सध्या तुमचं माह्याकडं काही काम नाई." त्यातलं 'सध्या' काकांना फार लागलं.

इथवर मी हसत होतो. मागच्या मे महिन्यात आम्ही बीबीला गयाआत्याकडं गेलो, तेव्हापासून हसणं कमी झालं. ती आमच्या वडिलांची आत्या, नव्वदीच्या पलीकडची. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही. दुपारचे बारा वाजले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आत्या बाजेवर डोळे मिटून पडली होती. श्रीधरनं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "आत्या, तुमच्या वडिलाची पहिली बायको, बाळंतपणात गेली ते. तिचं नाव काय व्हतं?"

दुसरी बायको आल्यावर त्या घरात हे नाव काढायची बंदी होती, असं आम्ही ऐकून होतो. आत्या डोळे उघडून स्वच्छ, तरण्या आवाजात म्हणाली, "भागीरथी. भागी म्हनत तिले."

स्वयंपाकघरातून तिची सून धावत बाहेर आली. तिला वाटलं, घरात दुसरंच कोणी बोललं.

"काऊन बोलावलं बे तिले?" आत्या दाराकडं बघत होती. "अन् बोलावलं तं आत घ्या. उन्हात उभी हाये ते."

दारात कोणी नव्हतं. सून घाईनं दार लोटायला गेली, तर श्रीधरनं तिला अडवलं आणि रिकाम्या उंबऱ्याकडं बघून अदबीनं म्हणाला, "या, बसा." मी घामानं चिंब होतो, तरी मानेवर काटा आला.

परतताना बसमध्ये त्यानं खिडकीची जागा रिकामी ठेवली. एक जाडजूड गृहस्थ 'सरका, सरका' करत तिथं टेकले आणि दोन मिनिटांत उठले. "सीट गार लागून राह्यली," असं पुटपुटत ते पार मागं जाऊन उभे राहिले. त्या बसचा पत्रा हात लावला तर चटका देत होता. मीही उठून उभा राहिलो, ते मेहकरपर्यंत. श्रीधर मांडीवर वही ठेवून शांतपणे 'भागीरथी' लिहीत होता.

त्याचं चर्च शेकडो मैल लांब, म्हणून रविवारी तो घरातच प्रार्थना करतो. समोर सतरंजी अंथरतो आणि रिकाम्या सतरंजीला 'बंधुभगिनींनो' म्हणून सुरुवात करतो. मी दाराशी बसतो. गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी त्यानं वही मला तपासायला दिली. मी शेवटपर्यंत चाळली आणि पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"श्री, काकूचं नाव नाई यात."

काकू म्हणजे त्याची आई. ती गेली तेव्हा हा स्कॉटलंडात होता. निरोप पोचला, पण हा आला नाही, दोन वर्षं पुरी करूनच आला. अग्नी मी दिला. त्याबद्दल मी त्याच्यावर कित्येक वर्षं मनात डूख धरून होतो, आणि त्याला जोडीदार म्हणून सोबत करतानाही तो डूख गेला नव्हता.

"भागीसाठी मले बीबीले नेलं, अन् सख्ख्या आईचं नाव लिहिलं नाई?" माझा आवाज चढला.

"मी जायच्या आंधी ते म्हणे, मेल्यावर मले तुह्या पाण्यात बुडवू नको. मी नाई येत."

"मंग नको लिहू."

"नाई लिहिलं तं तिकडं मी तिच्याबिगर राहीन. कायमचा."

"मंग लिही. ठरवू दे तिले."

तो टायची गाठ सैल करत राहिला. "दोन वर्षं लोकायची दारं वाजवली बे मी. रोज तोंडावर बंद झाली. एकानं कुत्रं सोडलं अंगावर. काहीच नाई वाटलं. पण हे दार वाजवलं, अन् तिनं नाई म्हटलं तं? आता कसं, अजून तिचं उत्तर आलं नाई." मग हळू आवाजात म्हणाला, "बाकीच्या सगळ्या येतात. नाव घेतलं की दारात उभ्या राह्यतात, मले समजते. ते एकदाही नाई आली. मले पोचवाले स्टँडवरही नव्हती आली."

मला माझीच लाज वाटली. कारण त्या दिवसाचं एक मला ठाऊक होतं.

"आली व्हती," मी म्हणालो. "तू गाडीत बसला तवा रसवंतीच्या मांगं उभी व्हती, माह्यासंगं. गाडी चिखलीच्या रस्त्याले लागेपर्यंत हालली नाई. तुले सांगू नको म्हणे."

सांगू नको म्हणाली होती हे खरं. पण इतकी वर्षं मी ते दडवलं, ते काही तिच्या शब्दासाठी नव्हे.

श्रीधर रडला. टायनंच डोळे पुसले, पेन उघडलं आणि सावकाश 'सुशीला' लिहिलं. मग वहीवरची नजर न उचलता त्यानं मला विचारलं, "आली का?"

माझी पाठ दाराकडं होती. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आंधी नाई म्हणते, मंग येते," मी म्हणालो. "तिची रीतच हाये तशी."