बिनभोकाचा पाइप

उमापुरात तंबाखूचा लाकडी पाइप हातानं घडवणारा मी एकटाच. सात वर्षांत माझा एकही पाइप तुंबला नाही. आणि गिऱ्हाईक कितीही तिरपागडं असू द्या, मी त्याला खूश करूनच पाठवतो. राधाकिशन अण्णा दुकानात येईपर्यंत मी हे छाती ठोकून सांगत होतो.

अण्णा म्हणजे आमचे माजी उपसरपंच. चाळीस वर्षांची बिडी अंबाजोगाईच्या डॉक्टरनं बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी अण्णा माझ्यासमोर हजर.

"सोमनाथ, डॉक्टरनं बिडी न्हाई म्हनलं. पाइपाचं कुठं काय बोलला?"

मी लाकूड काढलं. मग सुरू झाल्या फर्माइशी. सोमवारी पाइप शिसवाचाच पाहिजे. मंगळवारी दांडी वाकडी पाहिजे, सरळ दांडी पिपाणीवानी दिसते म्हणे. बुधवारी तो लई जड झाला. गुरुवारी मी तासून हलका केला, तर म्हणाले, "हातात काय धरलंय ते कळलं तर पाहिजे का न्हाई?" आणि रोज जाताना एकच सांगणं, धूर मोकळा आला पाहिजे.

शुक्रवारी त्यांची बायको आली, छबुकाकू. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "सोमनाथ, त्याला भोक पाडू नको."

"काकू, मग त्याला पाइप कावून म्हनायचं?"

"काहीबी म्हन. डॉक्टरच्या फोटोत त्यांच्या छातीत डाग दिसले रे. खोकताना नुसते वाकून जातेत. मला लई भ्या वाटतं." आणि तिच्या डोळ्यांना पाणीच आलं.

मला काकूची दया आली, आणि माझ्या नावाची त्याहून जास्त. पण शेवटी काकूचं ऐकलं. दोन्हीकडून बोटभर भोक पाडलं आणि मधलं लाकूड तसंच ठेवलं. दांडी वाकडी, त्यामुळं आरपार बघायची सोय नव्हती.

बाजाराच्या दिवशी अण्णांनी पाइप घेतला तो दुकानासमोर, चारचौघांत. तंबाखू भरली, काडी ओढली, दम मारला. काही नाही. दुसरी काडी. तिसरी काडी. गाल पार आत गेले.

"अण्णा, दमानं घ्या, डोळे बाहेर येतेत," शेजारचा वेल्डिंगवाला बंकट म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "काय बे सोमनाथ, पाइप केला का लाटणं?"

अण्णांनी पाइप तोंडातून काढला. "सोमनाथ, काय केलंस ह्याच्यात?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. समोर छबुकाकू भाजीची पिशवी घेऊन उभी, चेहरा पांढराफटक. एका वाक्यात माझं नाव वाचत होतं. पण ते वाक्य काही तोंडातून निघेना.

"अण्णा, भोक पाडायचं इसरलो."

लोक असे हसले की बंकटला खाली बसावं लागलं. मला लई लाज वाटली, खरं सांगतो. कान तापले. "द्या हिकडं, पाच मिनटात पाडून देतो," म्हणत मी हात पुढं केला.

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काकूकडं बघितलं. तिनं पिशवी छातीशी धरून मान खाली घातली होती. त्यांनी पाइप झटकून तंबाखू सांडली आणि पाइप पुन्हा तोंडात धरला.

"ऱ्हाऊ दे. दातात बरा बसतोय."

तेव्हापासून माझं गिऱ्हाईक पाइप घेताना आधी फुंकर मारून बघतं. परवा एका बाईनं माझ्याकडून लाटणं घेताना त्यालाबी फुंकर मारली. मी ते कागदात गुंडाळून दिलं.

काल अण्णा परत आले. चावून चावून दांडीचा पार चोथा केलेला.

"दुसरा कर. जरा जड, पन हलका वाटला पाहिजे."

"बरं."

अण्णा पायरी उतरले, परत वर आले आणि माझ्या कानाशी वाकले.

"आन मागच्या बारीला जे इसरलास, ते ह्याबी बारीला इसर. तुझा काय भरवसा न्हाई, ध्यानात राहायचं एखाद्या टायमाला."