समुद्रावरचा साग

आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीतल्या नानांना देवधर्माचं फारसं वेड नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती. आम्ही नुकतंच बिऱ्हाड हलवलं होतं. नानांनी नाव-गाव काही न विचारता ती उदबत्ती आमच्या दाराच्या चौकटीवरून आणि मग एकेका खिडकीच्या फटीवरून सावकाश फिरवली. माझी बायको हात जोडून उभी राहिली. एवढंच नव्हे, तर लगबगीनं आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. नानांनी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "दार खराब शे. बठ्ठी झळ आत ई ऱ्हायनी."

सगळी झळ आत येतेय, एवढं त्यांच्या अहिराणीतून मला कळलं. मी म्हटलं, "बसा तरी."

"बसानं मांगे व्हई. पहिले धूर पाही लेऊ. धूर खोटं बोलत नही."

नानांची जन्मभर केळी पिकवायची वखार होती. कच्चे घड रचायचे, धुरी द्यायची आणि दार असं बंद करायचं की आतला धूर बाहेर जाता कामा नये. एक फट राहिली की अर्धे घड हिरवे. वखार पुतण्याकडे सोपवून नाना घरी बसले, पण वखार काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, दार नीट लावणारी आणि नुसतं लोटणारी, असं त्यांचं मत होतं आणि मी दुसऱ्या प्रकारात मोडत होतो.

कुणी त्यांच्या घरी गेलं तर ते "या" म्हणत नसत. "दार," एवढंच म्हणत. आपण मागे वळून दार लावायचं, मग आपलं स्वागत. डॉक्टर आले तरी "दार". निवडणुकीला उभे राहिलेले एक पुढारी दहा कार्यकर्त्यांसह आले, तर नानांनी दहाही जणांना आत घेऊन दार लावून घेतलं. पुढाऱ्यांना क्षणभर वाटलं, आपलं काही खरं नाही.

पण उन्हाळ्यात नानांची किंमत कळायची. जळगावचा मे महिना म्हणजे काय, ते ज्याने सोसला त्यालाच ठाऊक. आमच्याकडे कूलर घरघरत असायचा, पंखा गरम वारा अंगावर फेकायचा, आणि वीज गेली की आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसायचो. नानांच्या घरी पंखा भिंतीवरच्या फोटोसारखा नुसता असायचा. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद, संध्याकाळी उन्हं उतरली की सताड उघड्या. आत गेलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला बरं वाटायचं. आम्ही दुपारी काहीतरी निमित्त काढून तिकडे जायचो.

नानी गेल्यावर त्या गार घरात नाना एकटेच होते. एकुलती एक मुलगी कुसुम. जावईबापू मूळचे धुळ्याचे, पण मासेमारी खात्यात नोकरी आणि बदली रत्नागिरीकडे. तिथेच समुद्रावरचं एक जुनं घर त्यांनी घेतलं. माळकरी घरातला पोरगा माशांच्या नोकरीत, यावर कॉलनीत बरेच दिवस करमणूक झाली. नानांची अडचण वेगळी होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. कुसुमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. नाना तर मुळीच नाही. कुसुम दिवाळीला येई तेवढीच भेट.

मी टेलिफोन खात्यात असल्यामुळे गल्लीतला एकमेव फोन आमच्याकडे होता. एके दिवशी कुसुमचा फोन आला, तेव्हा नाना शेजारीच उभे होते. घराची दारं-खिडक्या खाऱ्या वाऱ्यानं कुजल्यात, बिजागऱ्या गंजून हातात येतात, दुपारी पश्चिमेचं ऊन थेट आत. सगळं बदलायचंय. जावईबापूंच्या मनात नव्या फॅशनच्या, अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवायच्या होत्या.

नानांनी रिसीव्हर माझ्या हातातून काढूनच घेतला. "काच? पश्चिमले काच? अवं बाई, घर करी ऱ्हायनीस का भट्टी? अन् सरकती खिडकी म्हणजे अर्धी खिडकी. अर्धी उघडस, अर्धी तिना मांगे दडस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आसं कर. उदबत्ती लाव अन् दारपाशी धर. धूर कोठे जास ते मले सांग."

नाना रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. मग पलीकडून कुसुम काहीतरी बोलली आणि नाना खुर्चीत बसले. मला म्हणाले, "भाऊ, तठे उदबत्ती इझी जास."

उदबत्ती पेटलेलीच राहत नाही, असा गाव पृथ्वीवर असू शकतो हे त्यांना नवीन होतं. लेक असल्या ठिकाणी राहते या विचाराने त्यांना दोन घास गोड लागेनात. जायला तर हवं, पण जाणार कसे? आठवडाभर येरझाऱ्या घालून त्यांनी तोड काढली.

"बाप म्हणीसन नही जावानं. मिस्त्री म्हणीसन जावानं. मिस्त्रीले चहा चालस, जेवन बी चालस."

मी म्हटलं, "नाना, मिस्त्री मजुरी घेतो."

"मी बी लेसू. एक नारळ."

अशा रीतीने नाना मोजमाप घेऊन आले. मग महिनाभर त्यांनी यावलच्या एका लाकूडवाल्याला जिणं नकोसं केलं. सातपुड्याचा जुना, वाळलेला साग हवा. टिचकी मारली की घंटेसारखा वाजला पाहिजे. पश्चिमेच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा, ऊन अडेल आणि वारा येईल अशा. बिजागऱ्या पितळेच्या. हे सगळं त्यांनी अगदी बरोबर निवडलं, यात वाद नाही. केळी घेऊन मुंबईला निघालेल्या ओळखीच्या ट्रकवर दारं चढली, तिथून दुसऱ्या ट्रकने समुद्रावर गेली, आणि मागोमाग नाना हत्यारांची पेटी घेऊन एस.टी.ने.

परत आले ते फुलून. "आसं बशाडं शे भाऊ, काडेपेटीनी काडी बी जावाव नही फटमा." मजुरीचा नारळ त्यांनी आम्हालाच दिला. त्याची चटणी छान झाली.

आणि मग कोकणात पाऊस सुरू झाला.

आपल्याकडचं कोरडं लाकूड, कोरड्या हवेच्या मापाने घट्ट बसवलेलं. वखारवाल्या माणसाला चौकटीत फट ठेवायची म्हणजे पाप. समुद्राची ओल लागली तसा साग फुगला. कुसुमचा फोन आला. "काका, नानांना सांगा, पुढचं दार उघडत नाही, खिडक्या उघडत नाहीत. आम्ही दोघं आत पिकतोय."

मागचं स्वयंपाकघराचं दार तेवढं बदलायचं राहिलं होतं, म्हणून जावईबापू ऑफिसला जाऊ शकत होते. तेही परसातून, शेजाऱ्याच्या गोठ्यातून वळसा घालून, छत्री आणि फाईल सांभाळत. भला माणूस, एका शब्दाने बोलला नाही.

मला वाटलं, नाना खचतील. नानांनी रंधा काढला, पात्याला धार लावली आणि रात्रीची गाडी धरली. आठ दिवस राहिले. दार तासून मोकळं केलं, चहा प्याले, जेवले आणि नारळ घेऊन आले. मला समजावून सांगितलं, "पावसायामा साग फुगस. उन्हायामा नही. उन्हायामा लाकूड आकसस, फुगस तो मानूस." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे गल्लीत ते सगळ्यांना ऐकवत.

पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडकलं. नाना पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही. एवढा दारातला माणूस आणि याला एक दार तासता येऊ नये, म्हणून मी त्यांची थट्टा करू लागलो. "नाना, वय झालं तुमचं. एकदाच दोन हात जास्त मारा आणि मोकळे व्हा."

नाना उदबत्तीची राख झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बठ्ठं एकच डाव तासी टाकं, ते पुढला सालले कोनतं काम लिसन जाऊ?"

इतकी वर्षं ह्या माणसाकडे मी मेहनत न करता मिळणारा गारवा म्हणून बघत होतो, आणि तो तर वर्षभर एका फुगलेल्या दाराच्या आशेवर जगत होता. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस फारच कमी झाला. कोकणातही यथातथाच. फोन वाजला की नाना आमच्या ओट्यावर यायचे, फोन दुसऱ्याच कुणाचा निघायचा आणि ते कोथिंबिरीचा भाव विचारून परत जायचे. दार काही अडकलं नाही. दिवाळीत कुसुमच्या सासूबाईंचं आजारपण निघालं, म्हणून तीही आली नाही. हिवाळ्यात एकदा मी आमचं दार उघडं टाकून त्यांच्याशी बोलत उभा राहिलो, तरी मला रागावले नाहीत.

मग एप्रिलच्या ऐन दुपारी फोन आला. कुसुमच होती.

"काका, नानांना सांगा, पुढचं दार अडकलंय."

मी हसलो. "अगं, आता? उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही. तुझ्या बापानंच शिकवलंय मला."

ती म्हणाली, "मलापण त्यांनीच शिकवलंय, काका. तुम्ही नुसतं अडकलंय म्हणून सांगा."

मी तसाच भर उन्हात नानांकडे गेलो. आत शिरलो. ते "दार" म्हणाले, मी दार लावलं आणि निरोप सांगितला.

"आते?" नाना म्हणाले. "एप्रिलमा?"

"हो. पुढचं दार."

नाना उठले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाले, "साग शे भाऊ. साग कव्हय बी फुगस."

माळ्यावरून पेटी काढायला ते मागच्या खोलीकडे गेले. पेटी अंगणातल्या खाटेखाली आहे, हे आठवून परत आले आणि पुढच्या दाराने भराभर बाहेर पडले. मागे दार सताड उघडं राहिलं, आणि बाहेरची सगळी झळ आत येऊ लागली. मी उठून ते नीट लावून घेतलं.