चौऱ्याऐंशी मिलिमीटर नामंजूर

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सर्व काही शासकीय अपेक्षेप्रमाणे चालले होते. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. विभागीय हवामान समन्वय कक्षाचा साप्ताहिक अंदाज आला होता : 'सातारा जिल्हा, आठवडाभर कोरडे. सांगली जिल्हा, तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस.' आणि साताऱ्यातल्याच, रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात दूध डेअरीच्या फळ्यावर माझ्या वडिलांनी खडूने लिहिले होते : 'उद्या दुपारनंतर लय पाऊस. सोयाबीन झाका.'

वडील म्हणजे आबा, निवृत्त हवालदार मानसिंग, याच कक्षाचे मानद पर्जन्य निरीक्षक होते. आमच्या अंगणात कक्षाने दिलेले पर्जन्यमापक होते. सव्वीस वर्षे रोज सकाळी साडेआठला ते त्यातले पाणी काचेच्या मापात ओतत, आकडा नोंदवहीत लिहीत आणि सही करत. कोरड्या दिवसांतही आत डोकावल्याशिवाय शून्य लिहीत नसत. "न बघता शून्य लिवायला मी काय सायेब हाय व्हय?"

मी सांगलीला ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे छापून आलेल्या गोष्टींवर माझा विश्वास. दोन दिवस रजेवर आले होते. आबांना फोन दाखवला. त्यावर पिवळाधमक सूर्य होता.

"आबा, उपग्रहाला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं?"

"उपग्रहाचा गुडघा दुखत न्हाई."

"फळा पुसा. लोक हसतात."

"हसू द्या. हसत हसत झाकत्यात."

मीही हसले. जेवलो, झोपलो.

आबा पहाटे झोपेतच गेले. पाऊस दुपारी दोनला आला. सरणावर ताडपत्री धरावी लागली. सोयाबीन झाकायला आबांनी ती आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. शेजारचे केरबाकाका तिचा एक कोपरा धरून म्हणाले, "टाइम चुकला न्हाई, गड्या. तूच जरा लवकर गेलास."

गावात ज्यांच्याकडे साधे फोन होते, त्यांचे सोयाबीन वाचले. स्मार्टफोनवाल्यांचे भिजले. आमचेही भिजले, ताडपत्री दुसरीकडे होती.

गुरुवारी साडेआठला पर्जन्यमापक मी उघडले. चौऱ्याऐंशी मिलिमीटर. वहीत लिहून खाली सही केली. आबांनी आधीच सांगितलेला हा पाऊस त्यांच्या वहीत कायम राहावा, एवढेच माझे म्हणणे होते.

कक्षाने नोंद परत पाठवली. अक्षर निरीक्षकाचे नव्हते. मी केरबाकाकांना घेऊन साताऱ्याला गेले. तिथले पर्यवेक्षक देवदत्तसाहेब अत्यंत सौजन्याचे गृहस्थ होते. त्यांनी आधी दुखवटा व्यक्त केला, मग आक्षेप.

"निरीक्षक गैरहजर राहणार असतील, तर सात दिवस आधी अर्ज लागतो."

"त्यांना माहीत नव्हतं, साहेब."

"पावसाचं तर माहीत होतं म्हणता."

केरबाकाका पुढे सरकले. "आवं, माझी पोती बघा की येऊन. सोयाबीनला कोंब आल्यात!"

देवदत्तसाहेबांनी समजावून सांगितले की प्रश्न पोत्यांचा नाही, सुसंगतीचा आहे. अंदाजाला वरून मंजुरी मिळालेली असते. या पावसाला मिळालेली नव्हती. तरीही कक्ष निष्पक्ष असल्यामुळे प्रत्यक्ष पाहणी होईल.

पाहणी अकरा दिवसांनी झाली. त्रिसदस्यीय समितीने आमच्या अंगणात उभे राहून आकाशाकडे पाहिले आणि पंचनामा लिहिला : 'पाहणीवेळी पाऊस पडत नव्हता. जमीन कोरडी आढळली. पोत्यांतील कोंब हे बियाण्याच्या उत्तम दर्जाचे लक्षण आहे.' खाली पंच म्हणून केरबाकाकांनी सही केली.

"काका, तुम्ही सही केलीत?"

"सायबांनी च्या घेतला आपल्यात. न्हाई कसं म्हणायचं?"

मी अपील केले. महिन्याने निकाल आला, तो माझ्या बाजूने होता. पाऊस पडल्याचे कक्षाने तत्त्वतः मान्य केले होते. फक्त तो साताऱ्यात पडल्याचे अमान्य होते. सांगली जिल्ह्यात जोरदार पावसाचा अंदाज होता आणि तिथे थेंबही पडला नव्हता. सबब, दोन्ही अंदाज अचूक ठरावेत म्हणून आमचे चौऱ्याऐंशी मिलिमीटर इस्लामपूरला वर्ग करण्यात आले होते. आदेशाची प्रत तिथल्या निरीक्षकालाही गेली होती.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. वीरधवल नावाचा द्राक्षबागायतदार होता.

"ताई, तुमचा पाऊस घेऊन जावा की परत. हितं बागंत धुरळा उडतोय आन् सायेब म्हणत्यात, अतिवृष्टी झालीया, तू नोंद का लपवलीस? नोटीस आलीया मला!"

मी पुन्हा केरबाकाकांना घेऊन साताऱ्याला गेले. या वेळी वही सोबत नेली.

"साहेब, पाऊस इस्लामपूरला नेण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं नाही का? 'आमचा अंदाज चुकला, मानसिंगरावांचं बरोबर होतं.'"

देवदत्तसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "लिहितो की. पण या मजकुराचा नमुना नाही आमच्याकडे. नमुना नसेल तर पूर्वदाखला लागतो. कार्यालयातलाच हवा असं नाही. कुणीही, कुठंही, अगदी घरातसुद्धा, 'मी चुकलो, तुझं बरोबर होतं' असं तोंडानं म्हटल्याचा एक दाखला द्या. तुमच्याच घरचा द्या."

आणि त्यांनी दाखला शोधायला वही उघडली. आकड्यांपुढे शेऱ्याचा रकाना असतो. मी तो कधी वाचला नव्हता. साहेब वाचू लागले, सरकारी आवाजात.

"'क्रांती म्हणते कोरडे. बावीस मिलिमीटर.' हे दहा वर्षांपूर्वीचं. 'क्रांती म्हणते हलका. सत्तेचाळीस.' 'फोनवर क्रांती म्हणाली, सरी. एकसष्ट.' क्रांती कोण?"

"मी."

"शेवटचा मंगळवारचा आहे. 'शून्य. उद्या पाऊस. क्रांती म्हणते न्हाई. वाद घातला न्हाई, पोर दोन दिवसांसाठी आलीया.'" त्यांनी पान उलटले, पुन्हा मागे आणले. "दाखला दिसत नाही, ताई."

माझ्यामागे रांग होती. दाखला कुणाकडे आहे का, म्हणून मी वळून पाहिले. केरबाकाका पंख्याकडे बघत होते. बाकीचे फोनमध्ये बघत होते, बहुधा बाहेर पाऊस आहे का ते. खिडकी उघडीच होती. तुमच्या घरी असा दाखला असेल, तर साक्षांकित प्रत कक्षाकडे पाठवावी. तूर्त तरी पूर्ण सातारा-सांगली पट्ट्यात तो उपलब्ध नव्हता.

मी वही साहेबांच्या हातून घेतली, टेबलावर सरळ ठेवली, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"आबा, मी चुकले. तुमचं बरोबर होतं. दर वेळी."