जिन्याचा घुमारा

आवाजाला घुमारा देणारे यंत्र निवडणे इतरांना अवघड जात असेल. मला ते अवघड जाण्याचे काही कारण नव्हते. ध्वनिशास्त्र मी महाविद्यालयात सव्वीस वर्षे शिकवले आहे. दहा मिनिटांत यंत्र घेऊन दुकानाबाहेर पडेन, असे मी आईला सांगून बसलो होतो, आणि आईसमोर मारलेली बढाई परत घेता येत नाही.

रविवारी आईला ऐंशी वर्षे पूर्ण होत होती. मी लहान असताना बाबा रोज संध्याकाळी मला खांद्यावर टाकून आमच्या तिमजली इमारतीच्या जिन्याच्या तळाशी उभे राहत आणि स्वतः रचलेली अंगाई म्हणत: ‘निजली पायरी, निजला कठडा, निज रे तूही आता.’ मग जिना वरून उत्तर देई, ‘आता’. आणि त्याहूनही वरून, अगदी पुसट, ‘आता’. जिना बोलल्याखेरीज मी डोळे मिटत नसे. कचेरीतला टेपरेकॉर्डर घरी आणून बाबांनी त्या अंगाईची एक कॅसेट भरून ठेवली होती. बाबा जाऊन अकरा वर्षे झाली, आणि कॅसेटही आता थकली होती. दुसरे कडवे तर खरखरीत विरघळूनच गेले होते. तेव्हा मी ठरवले, अंगाई आपल्या आवाजात घरीच मुद्रित करायची आणि आईला भेट द्यायची.

“नुसतं गाणं नको हं,” आई म्हणाली. “जिन्यासकट हवं.”

“जिना माझ्यावर सोड.”

आई चष्मा पुसत हसली. ते हसू मी कौतुकाचे समजलो.

ही कॅसेट मी दरवर्षी वर्गातही वाजवत असे, आणि परीक्षेत प्रश्न घालत असे: प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून जिन्याची उंची काढा. उत्तर दोनशे मीटरच्या आसपास येई! तिमजली इमारतीला हे जरा जास्तच, हे मलाही दिसत होते. पण त्याला मी ‘बहुविध परावर्तन’ असे नाव दिले होते, आणि नाव दिले की शंका मिटते. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते, ‘दुसऱ्या ओळीनंतर प्रतिध्वनी शिंकतो. गायक शिंकत नाही. सबब हा प्रतिध्वनी नाही.’ मी तांबड्या शाईने ‘अप्रस्तुत’ असा शेरा मारून शून्य दिले होते.

दुकानात माझ्या ऐपतीतली दोन यंत्रे होती. एक काळे, तळहाताएवढे, एकाच बटणाचे. दुसरे करडे, त्यात नव्याण्णव प्रकारचे घुमारे भरलेले.

“घरच्या कामाला काळं पुरतं, सर,” दुकानदार म्हणाला. सभागृहांतून कर्णे बसवण्यात त्याचे आयुष्य गेले होते. “तिसऱ्या घुमाऱ्याच्या पुढं कोणी जात नाही.”

“मला एक विशिष्ट जिना हवाय.”

त्याने कानाला हेडफोन लावून कॅसेट ऐकली. त्याच्या भुवया वर गेल्या त्या वरच राहिल्या.

“सर, हा घुमारा गाणाऱ्यापेक्षा वरच्या पट्टीत आहे.”

“असतो कधीकधी.”

“आणि त्याला सर्दी झालीय.”

ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकाला हे ऐकून घ्यावे लागावे! मी करडे यंत्र उचलले. नव्याण्णवांत एक तरी आमचा निघेल, हा साधा संभाव्यतेचा हिशेब होता.

पुढचे तीन दिवस मी अंगाई बोगद्यात, गुहेत, घुमटाखाली आणि पत्र्याच्या डब्यात गाऊन पाहिली. बायको स्वयंपाकघरातून विचारी, “हा विहिरीतला का?” आणि तो नेमका राजसभेतला असे. बेचाळिसाव्या क्रमांकावर ‘जिना’ होता खरा, पण तो संगमरवरी असावा. आमच्या जिन्याची माया त्यात नव्हती.

शुक्रवारी मी आमच्या त्या जुन्या इमारतीत जाऊन मूळ जिनाच मोजायचे ठरवले. फुगा फोडायचा आणि घुमारा किती वेळ टिकतो ते पाहायचे, ही शास्त्रमान्य पद्धत आहे. मी जिन्याच्या तळाशी फुगा फोडला. तिन्ही मजल्यांवरची दारे उघडली.

“काय फुटलं?” वरून एका वृद्ध बाईंनी विचारले.

“फुगा. मी जिना मोजतोय.”

“फुग्यानं?”

मी सगळे समजावून सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “छत्तीस वर्षं राहतेय मी इथं. हा जिना कधी कोणाशी बोललेला नाही. तुम्ही घरी जा. कोणी न्यायला येणार आहे का?”

घुमारा भरला अर्धा सेकंद. प्रतिध्वनी नव्हताच.

शनिवारी ताई आली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तारांच्या गुंत्यात बसलेल्या मला तिने बराच वेळ न्याहाळले.

“किती दिवस चाललंय हे?”

“चार.”

“आणि वर्गात किती वर्षं वाजवलीस ही कॅसेट?”

“सव्वीस.”

ताई पलंगावर बसली. “अरे शास्त्रज्ञा, ती मी.”

“कोण तू?”

“जिना. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी राहायचे. बाबांनी बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही, धाकट्याला तर मुळीच नाही. मला गोवर आला तेव्हा आठ दिवस तू कुणाला झोपू दिलं नाहीस.”

मला आठवले. जिन्याला रंग देतायत, म्हणून तो गप्प आहे, असे बाबा तेव्हा म्हणाले होते. मग ती विद्यार्थिनीही आठवली, आणि तांबडी शाई.

“आणि तो दुसरा? पुसट?”

ताईने खिडकीबाहेर पाहिले. “तेवढा तुझ्या परावर्तनाला राहू दे.”

आम्ही मुद्रण केले. ताई न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. तिचा आवाज आता जाड झाला आहे, पण ‘आता’ तेच होते. पुसट ‘आता’ मी बेचाळीस क्रमांकावरून घेतले.

रविवारी आईने डोळे मिटून ऐकले. बाबांच्या जागी मी. ताईचे ‘आता’. मग यंत्राचे. आईने डोळे उघडले.

“हा कोण?”

“यंत्र.”

“तिथे मी असायचे,” आई म्हणाली. “गच्चीच्या दारात. वाळलेले कपडे हातात घेऊन.”

मी ताईकडे पाहिले. ताई शहाण्यासारखी छताकडे पाहत होती. यंत्राचे ‘आता’ पुसून मी मायक्रोफोन यंत्राला जोडला, तो आईपुढे ठेवला, मुद्रण सुरू केले आणि गाणे पुन्हा लावले. माझी ओळ झाली, ताईचे उत्तर आले, आणि मग खुर्चीतून, वाऱ्यावर आल्यासारखे, “आता”.

पुढचे मला ताईकडून कळले. ते मुद्रणही आमच्याकडे आहे. त्यात आईचे ‘आता’ सुरेख उतरले आहे. त्यानंतर दुसरे कडवे संपेपर्यंत, बेचाळीस क्रमांकाच्या संगमरवरी घुमाऱ्यासकट, माझे घोरणे आहे.