निताईबाबूंच्या फोनमधली अनोळखी माणसं

नव्या फोनने विचारलं, जुन्या फोनमधली सगळी माहिती पुसून टाकायची का? आणि निताईचरण साधुखाँ यांनी, पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारलेल्या हाताने, ठप्पकन 'हो' दाबलं.

हा नवा फोन मुलाने दुर्गापूजेला पाठवला होता आणि सोबत निरोप दिला होता, "बाबा, मी येईपर्यंत त्याला हात लावू नका." चार महिने तो शालीत गुंडाळून कपाटात होता. पण उद्या रविवारी नातवाचं अन्नप्राशन. मुलगा, सून आणि बाळ कृष्णनगरला सुनेच्या माहेरी होते आणि तिथून सकाळी दहाच्या सुमारास व्याह्यांसकट चंदननगरला येणार होते. व्याही म्हणजे पशुपती तरफदार, निवृत्त हेडमास्तर. या माणसाने लग्नातल्या डाळीबद्दल पुढची दोन वर्षं मत दिलं होतं. आता अशा माणसासमोर रबर बँड लावलेला जुना फोन खिशातून काढायचा म्हणजे शोभा. तेव्हा शनिवारी सकाळी चहा झाल्यावर निताईबाबूंनी चष्मा पुसला, दोन्ही फोन शेजारीशेजारी मांडले आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नंबर सगळे आले. त्यांनी एका बोटाने बारा वर्षं टिपून ठेवलेली नावं मात्र जुन्या फोनच्या पोटात होती, ती पोटातच जिरली. नव्या फोनने प्रत्येक नंबरापुढे त्या त्या माणसाने स्वतःला लावलेलं नाव दाखवायला सुरुवात केली, आणि घोटाळा झाला तो इथे. चंदननगरात माणसाला एक नाव असतं हाक मारायला आणि दुसरं असतं दाखल्यावर लावायला. दाखल्यावरचं नाव शाळेत जाताना एकदा, लग्नपत्रिकेत एकदा आणि मेल्यावर एकदा वापरतात. मधल्या साठ-सत्तर वर्षांत माणूस गोपला असतो, टुबलू असतो, टुनटुन असते. आजोबा झालेल्या माणसाला भर बाजारात "ए टुबलू" म्हणून हाक मारली तरी इथे कुणी मान वळवून बघत नाही, टुबलू सोडून.

निताईबाबूंच्या यादीत एकही टुबलू उरला नव्हता. ज्योतिरिंद्रनारायण कुशारी. हिरण्मय सांतरा. निवेदिता पाकडाशी. शोभनसुंदर दाँ. चुकून भलत्याच घरच्या लग्नात शिरल्यासारखं त्यांना झालं. फोटो बघावेत तर कुणी जास्वंद लावली होती, कुणी दिघ्याचा समुद्र, आणि बाकीच्या सगळ्यांनी आपापले नातू.

"त्यात पोंचू कोणता?" कनकलतांनी विचारलं. निताईबाबूंशी संसार करून त्यांना मुद्द्याचंच विचारायची सवय लागली होती.

पोंचू म्हणजे आचारी. नदीपलीकडे कुठेतरी राहायचा, पहिल्या होडीने यायचा, आणि त्याच्या हातचा कातला माशाचा झोल, म्हणजे रस्सा, जेवलेला माणूस घरच्या जेवणाला नावं ठेवायचा. त्याची एकच पद्धत होती. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करून किती पानं ते सांगायचं. फोन आला नाही तर तो दुसरीकडे कामाला लागायचा, मग राजा बोलवो की मंत्री. आज तो फोन गेला नाही तर उद्या चाळीस पाहुणे आणि पशुपती तरफदार यांच्यासमोर रिकामी कढई ठेवायची वेळ येणार होती. निताईबाबूंच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम आला.

"दुसऱ्या कुणाकडे असेल की त्याचा नंबर," कनकलता म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाकडे नव्हता, कारण निताईबाबूंनी तो कधी कुणाला दिलाच नव्हता. तीस वर्षं गल्लीत बारसं असो की श्राद्ध, माणसं त्यांच्या दारात यायची, आणि ते पाय हलवत म्हणायचे, "पोंचू ना? मी सांगतो त्याला." या एका वाक्यावर त्यांना गल्लीत नगरसेवकापेक्षा जास्त मान होता. आणि पोंचूचं दाखल्यावरचं नाव? ते विचारायचं तीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. आचाऱ्याकडे कढई बघायची, नाव कशाला?

तेव्हा एकच मार्ग उरला. वरपासून एकेक नंबर फिरवायचा.

पहिला लावला ज्योतिरिंद्रनारायण कुशारींना. "नमस्कार," निताईबाबू जपून म्हणाले, "आपण स्वयंपाकाचं काम..."

"निताई, शुद्धीवर आहेस का?" पलीकडून आवाज आला. तो गोपला होता. चाळीस वर्षं संध्याकाळी कॅरम खेळणारा, नाकात बोलणारा, पट्टीचा खोटारडा गोपला. त्याचं नाव ज्योतिरिंद्रनारायण असावं याचाच निताईबाबूंना धक्का बसला. तेवढ्यात गोपला मऊ आवाजात म्हणाला, "उद्या नातवाचं अन्नप्राशन आहे असं कळलं. मी बायकोला म्हणालो, निताई विसरला असेल, पण फोन केल्याशिवाय राहणार नाही. बघ, आलाच फोन."

आता याला काय सांगणार, की तू यादीत नव्हतास, मी आचारी शोधतोय? "विसरेन कसा," निताईबाबू म्हणाले. "दोघंही या."

"दोघं कशाला, सहाही जण येतो," गोपला म्हणाला.

दुसरा नंबर गॅसच्या टाक्या आणणाऱ्याचा निघाला. त्याला गहिवरून आलं. तिसरा विम्याचा एजंट. तो बोलवायच्या आधीच येतो म्हणाला. चौथ्या नंबरावर निवेदिता पाकडाशी होत्या, आणि "हॅलो" ऐकताच निताईबाबूंची पाचावर धारण बसली, कारण त्या कनकलतांच्या चुलतबहीण टुनटुन होत्या. एका बनारसी साडीवरून दोघी बहिणी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. टुनटुन फोनवर आधी रडल्या, मग म्हणाल्या, "कनकदीदीनेच सांगितलं ना तुम्हाला फोन करायला? मला माहीत होतं. उद्या पहाटेच येते, हाताखाली मदत होईल."

निताईबाबूंनी कनकलतांकडे न बघता फोन ठेवला.

अन्नप्राशनाच्या आदल्या दिवशी आलेला फोन म्हणजे आमंत्रणच, हे चंदननगरात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे "आपण कोण?" हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. घरी जेवायला बोलावताय आणि मी कोण हे माहीत नाही, असं म्हणून माणसं जन्मभर धरून बसली असती. सहाव्या-सातव्या फोनला निताईबाबू शहाणे झाले, म्हणजे आणखी बिघडले. समोरचा "हॅलो" म्हणाला रे म्हणाला की ते एका दमात म्हणायचे, "मी साधुखाँ, उद्या दुपारी नातवाचं अन्नप्राशन, सहकुटुंब या, आमच्या पंगतीला जेवा, हातात काही आणू नका." आणि ठेवून द्यायचे. पोंचू असेल तर बोलेलच की, असा त्यांचा हिशोब होता. पण बोलायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नव्हती.

दुपारपर्यंत पाहुण्यांची संख्या सत्तरच्या पुढे गेली आणि पोंचूचा पत्ता नव्हता. शेवटी निताईबाबूंनी बायकोसमोर सगळं कबूल केलं. लग्नसराईत दुसरा आचारी मिळणं शक्य नव्हतं. मंडपवाला तर अंगणात मोठ्या चुली आणि कढया टाकूनही गेला होता. त्या कढयांकडे बघत कनकलता म्हणाल्या, "आता मीच करते. तुम्ही एक उपकार करा. त्या फोनला परत हात लावू नका."

रविवारी पहाटे सहाला अंगणात चुली पेटल्या होत्या. कनकलता एका विळीवर, टुनटुन दुसऱ्या विळीवर, आणि मध्ये भोपळ्याचा ढीग. दोघी एकमेकींशी अजून बोलत नव्हत्या, भोपळ्याशी बोलत होत्या. एवढ्यात फाटक वाजलं आणि आत आला पोंचू.

निताईबाबूंचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "अरे पोंचू, देवासारखा आलास," म्हणत ते धावले, आणि जवळ जाऊन थबकले. पोंचूच्या अंगावर कडक इस्त्रीचा झब्बा होता, धोतराच्या निऱ्या काढलेल्या होत्या, हातात संदेश मिठाईची पेटी होती. मागे त्याची बायको, नवीकोरी साडी नेसलेली. साडीच्या काठाला दुकानाचा दोरा अजून लोंबत होता.

"निमंत्रण दुपारचं आहे, ठाऊक आहे," पोंचू संकोचून म्हणाला. "पण पहाटेच्या होडीची सवय. ही माझी मालती."

"आमचं निमंत्रण?" कनकलतांनी विळीवरून विचारलं.

"काल बाबूंनी स्वतः फोन केला. मी दुसऱ्या घरी फोडणीवर होतो, बोलायच्या आत ठेवलासुद्धा." पोंचूने पेटी त्यांच्यापुढे ठेवली. "खरं सांगू? आधी जिवाला लागलं. म्हटलं, साधुखाँबाबूंनी दुसरा आचारी धरला, माझ्या हाताची चव गेली असेल. पण ही म्हणाली, तीस वर्षं तुम्ही लोकांच्या घरच्या पंगती उठवताय, कुणी कधी पाहुणा म्हणून बोलावलंय? यांनी बोलावलंय, तेही सहकुटुंब. मग आजचं एक काम आलं होतं, ते सोडलं आणि आलो."

कनकलतांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता सांगा, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. निताईबाबूंनी तोंड उघडलं, मालतीच्या साडीचा तो दोरा पाहिला आणि पुन्हा मिटलं.

"मग यावेळी आचारी कोण?" पोंचूने विचारलं.

"मी," निताईबाबू म्हणाले.

पोंचूला व्हरांड्यातली चांगली खुर्ची मिळाली, मालतीला तिच्या शेजारची. निताईबाबूंनी कमरेला गमछा गुंडाळला आणि जन्मात पहिल्यांदा झारा हातात धरला, तोही उलटा. त्यानंतरचे पाच तास खुर्चीतला माणूस जास्त दमला की चुलीपुढचा, हे सांगणं अवघड आहे.

"पाहुण्याने बोलू नये," पोंचू म्हणायचा, "पण तेल तापलं नाही." थोड्या वेळाने, "पाहुण्याने बोलू नये, पण माशाला हळद लावायची असते." मग, "पाहुण्याने बोलू नये, पण डाळ." दोनदा तो ताडकन उठला आणि दोनदा मालतीने त्याच्या धोतराचा सोगा धरून खाली बसवलं. "बसा," ती म्हणाली. "आज आपल्याला बोलावलंय." तिकडे डाळ बुडाशी लागली तेव्हा पोंचूने डोळे मिटून घेतले. कनकलता आणि टुनटुन एकाच वेळी निताईबाबूंवर ओरडल्या आणि त्या निमित्ताने एकमेकींशी बोलायला लागल्या.

दहाला कृष्णनगरची मंडळी आली. पशुपती तरफदारांनी फाटकातून पाहिलं तर व्याही उघड्या अंगाने धुरात उभे, डोळे लाल, गालाला मोहरी. निताईबाबू म्हणाले, "नातवाचं पहिलं अन्न आजोबाने स्वतः शिजवायचं, अशी आमच्याकडे रीत आहे." अशी रीत साऱ्या हुगळी जिल्ह्यात कुणी ऐकली नव्हती. पण आपल्याला माहीत नाही असं हेडमास्तरांना कसं म्हणवेल? "हो हो," ते म्हणाले, "जुन्या घराण्यांत असते." मुलाने मात्र वडिलांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या नव्या फोनकडे पाहिलं, आणि काहीतरी समजून तो बाळाला घेऊन आत गेला.

बाळाच्या तोंडाला मामाने पायस लावलं, शंख वाजले, बाळ रडलं, आणि पहिली पंगत बसली. पहिल्या पानावर तरफदार. त्यांच्या शेजारी कनकलतांनी पोंचूला बसवलं. तरफदारांनी नाव विचारलं. पोंचू आधी गांगरला, मग सावरून बसला आणि म्हणाला, "सौरींद्रमोहन बाग." नावाला वजन होतं. तरफदारांनी हात जोडले. वाढता वाढता ते नाव ऐकून निताईबाबूंच्या हातातली पळी थांबली. नंबर तीस वर्षं कुलपात ठेवला आणि नाव मात्र एकदाही विचारलं नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

तरफदारांनी डाळ चाखली आणि भुवया वर चढवल्या. झोल चाखला आणि पाण्याचा ग्लास घेतला. सगळी पंगत बघायला लागली. हा माणूस आता दोन नव्हे, चार वर्षं बोलणार हे निताईबाबूंना कळून चुकलं.

"झोल खारट आहे," पोंचू त्यांच्या आधीच म्हणाला. तो मान खाली घालून जेवत होता, चांगला मोठमोठ्या घासांनी. "डाळ लागलीय. पण बाबू, वाफ निघतेय हो. आचारी सगळ्यांत शेवटी बसतो, गार भात आणि तळाचा रस्सा घेऊन. पंगतीतलं गरम जेवण मी आज पहिल्यांदा जेवतोय. थोडा झोल घाला अजून."

तरफदारांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि पुढचा घास घेतला.

निताईबाबूंच्या डाव्या हातात काशाचं भांडं होतं. त्यात सगळ्यांत मोठ्या कातल्याचं अख्खं डोकं होतं. पंगतीतल्या मोठ्या मानाच्या पाहुण्याला ते वाढायचं असतं. तरफदारांनी ते येताना पाहून केळीच्या पानावरचा भात बाजूला सारला आणि मधोमध ऐसपैस जागा केली. निताईबाबू त्यांच्यापुढे क्षणभर थांबले, मग एक पाऊल पुढे सरकले.

"सौरींद्रमोहनबाबू, पान जरा पुढे घ्या," ते म्हणाले आणि डोकं पोंचूच्या पानावर वाढलं.

तरफदारांनी पानावरची ती जागा थोड्या वेळाने भातानेच भरून काढली.