चार बोटं उंच

जीप फक्त चार बोटं उंच करायची, एवढंच ठरलं होतं.

कारणही रास्त होतं. जीपचा मालक नुकताच निवृत्त झालेला हेडक्लार्क. त्याची बायको नर्स होती, आणि नोकरी संपत आलेली असताना तिची बदली डोंगरावरच्या दवाखान्यात झाली होती. वर जायचा रस्ता म्हणजे नुसते दगड. पहिल्याच दिवशी जीपचं पोट एका दगडावर टेकलं आणि बायकोला अर्धा डोंगर पायी चढावा लागला. संध्याकाळी ती गरम पाण्यात पाय सोडून बसली. चकार शब्द बोलली नाही. (बोलली असती तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा आवाजाला नाही, शांततेला घाबरतो.)

"मी जीप उंच करून घेतो," तो म्हणाला.

"घ्या. पण सोमवारच्या आत. तोवर मी रजा टाकते. तिथे राहायला खोली देतायत. रोजचं जाणं-येणं जमणार नसेल तर मी तिथेच राहते."

ती वर राहिली की खाली घरात उरणार होते दोघं : तो आणि सासूबाई. तो त्याच पावली गॅरेजमध्ये गेला.

गॅरेजवाल्याला 'नाही' हा शब्दच येत नसे. "होऊन जाईल साहेब!" म्हणत त्यानं स्प्रिंगांखाली लोखंडी ठोकळे बसवले. जीप दिमाखात उभी राहिली. घराकडे निघाली आणि सीटखालून आवाज आला : खट् खट् खट्.

गॅरेजवाला गाडीखाली शिरला आणि खालूनच बोलू लागला, "गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत हा दांडा जातो ना साहेब, शाफ्ट, तो आता फार तिरका झालाय. सायलेन्सरच्या पाइपला घासतोय."

"मग?"

"पाइप वाकवू की!"

पाइप वाकवला. तो नेमका पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांखालून गेला. बायको चक्कर मारायला बसली, आणि उतरताना तिचा पाय बाहेर आला, चप्पल आतच तापलेल्या पत्र्याला चिकटून राहिली. तरीही खट् खट् होतंच, कारण शाफ्ट आता पाइप सोडून चासीच्या आडव्या पट्टीला घासत होता.

"गिअरबॉक्स जरा खाली घेऊ," गॅरेजवाला म्हणाला.

घेतला. त्याबरोबर गिअरचा दांडाही खाली गेला आणि तिरका झाला. रिव्हर्स टाकायचा तर बायकोला उजवा पाय उचलून डाव्यावर ठेवावा लागे. "अगं, जरा पाय," तो म्हणायचा. ती उचलायची. आणि आवाज? होता तिथेच होता. हेडक्लार्कची कंबर धरली होती, नखांत ग्रीस गेलं होतं, आणि स्वप्नातसुद्धा काहीतरी घासत होतं.

शनिवारी सासूबाईंना चष्मा आणायला न्यायचं होतं. पुढे पाय भाजतात म्हणून त्या मागे बसल्या. अंगानं भरभक्कम आणि कानानं अंमळ कमी. जीप निघाली, खड्डे गेले, गतिरोधक गेले. आवाज नाही! हेडक्लार्कनं आनंदानं मान वळवली.

"आई, तुम्ही बसलात आणि घासत नाही!"

"कोण हसत नाही?"

"घासत, घासत!"

"मी कशाला हसू? या वयात असं गदागदा हलवतात का कुणाला?"

तो जीप तशीच गॅरेजवर घेऊन गेला. गॅरेजवाल्यानं खाली वाकून पाहिलं आणि टाळीच वाजवली. "वजनानं मागची बाजू खाली बसली, शाफ्ट सरळ झाला! काम झालं साहेब! या आजींना आता उतरवूच नका!"

हे मात्र सासूबाईंना लख्ख ऐकू आलं.

रविवारी सकाळीच त्या आपल्या मुलाकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "जावईबापू, वजनाला दगड मिळतात." आणि खट् खट् परत आलं.

"वाळूची पोती टाकू मागे," तो दमून बायकोला म्हणाला.

"सोमवारी दवाखान्याची औषधांची खोकी न्यायचीयत, त्यांच्याशेजारी वाळू?"

"मग ठोकळेच काढून टाकतो."

"म्हणजे परत पोट टेकणार."

मग पेशंटकडे पाहावं तसं तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. निवृत्तीनंतर त्याचं पोट बरंच पुढे आलं होतं.

"चावी द्या," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी जीप ती चालवत होती. (हॉस्पिटलच्या गाडीवर ती कधीच शिकली होती. त्यानं कधी विचारलं नव्हतं.) तो मागे, खोक्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून बसला होता. दगड आले, चढ आला, पण शाफ्टनं हूं की चूं केलं नाही. अर्ध्या चढावर मागे न वळता ती म्हणाली, "खोली नको म्हणून आज सांगून टाकते."

त्याला भरून आलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि एका धक्क्यात जीभ चावली गेली.

दवाखान्याच्या दारात जीप थांबली. शिपाई धावत आला, एकेक खोकं उतरवत जीपच्या आतपर्यंत पोहोचला आणि हेडक्लार्ककडे बघत थबकला.

"सिस्टर, हे पण उतरवायचं का?"

"नको, राहू दे," ती पर्स उचलत म्हणाली. "संध्याकाळी परत न्यायला लागेल."