शेततळ्यातलं आरमार

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो! दुसऱ्या महायुद्धातल्या विमानवाहू जहाजांबद्दल अख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात माझ्याएवढं कुणालाच माहीत नाही. कुठल्या जहाजावर किती विमानं मावायची, झोपेतून उठवून विचारा! आता मी समुद्र बघितलाय का, असं कुणी विचारू नका. बघितलाय. एकदा. शाळेच्या सहलीत, अलिबागला. ओहोटी होती, त्यामुळं जरा लांबूनच बघितला.

आमचा ग्रुप आहे, 'दर्याचे वाघ'. मुक्काम पोस्ट बेलापूर, समुद्रापासून दोनशे किलोमीटर! सात मेंबर. त्यातले चार नुसती गुड मॉर्निंगची फुलं टाकतात. खरे लढवय्ये तिघं. एक मी, चेतन. दुसरा पार्थ. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि तो बॅटलशिपचा, म्हणजे मोठ्या तोफांच्या युद्धनौकांचा, कट्टर भक्त. तिसरी संस्कृती, बी.एस्सी.ला आहे. तिला सगळ्या जहाजांचं वजन पाठ. पण ती कुणाचीच बाजू घेत नाही, हा तिचा मोठा दुर्गुण!

त्या दिवशी पार्थच्या दुकानात असंच पेटलं.

"जपानच्या 'यामातो'ची तोफ बेचाळीस किलोमीटर मारायची, बेचाळीस!" पार्थ स्क्रू-ड्रायव्हर नाचवत म्हणाला. "बेलापूरच्या चौकात ठेवली तर गोळा शिर्डीच्या विमानतळाच्या पलीकडं!"

"आणि गोळा तिथं पोचेपर्यंत विमान उडून तुझ्या डोक्यावर आलेलं असंल!" मी.

"माझा डिस्प्ले..." काउंटरवरचे एक काका पुटपुटले.

"थांबा काका, जहाज बुडतंय!" मी म्हणलं. "बुडवलीच ना यामातो विमानांनी?"

"शेकडो विमानांनी! एकावर शेकडो! ही काय लढाई झाली? ही तर ऊसतोड झाली! पहिल्या महायुद्धाचं बोल. जटलंडला अडीचशे जहाजं भिडली. एक तरी विमान कामाला आलं का?"

"एक उडालं होतं टेहळणीला," संस्कृती वहीतून मान वर न काढता म्हणाली. "त्याची पेट्रोलची नळी तुटली. खाली बसलं."

पार्थ असा हसला, जशी काय ती नळी त्यानंच कापली होती! माझं डोकंच सटकलं. म्हणलं, "बास झालं तोंडपाटिलकी! आता प्रयोगच करू. तुझी बॅटलशिप, माझं विमानवाहू. आमच्या शेततळ्यात. उद्या दुपारी!"

"आणि विमान कुठनं आणणार?" पार्थ.

आता इथं मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. मी म्हणलं, "वहिनींचा ड्रोन आहे की!"

हा ड्रोन म्हणजे फवारणीचा ड्रोन. बैठकीच्या सतरंजीएवढा, सहा पंखांचा, पोटाखाली दहा लिटरची टाकी. अश्विनी वहिनींच्या बचत गटाला मिळालाय आणि वहिनी त्याच्या पायलट! रीतसर पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट, फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. मी फक्त बॅटऱ्या उचलणार. पण बघून बघून मला चढवणं आणि पुढं नेणं जमायला लागलं होतं. उतरवणं तेवढं राहिलं होतं.

त्यात नेमका तो दिवस वहिनींच्या परीक्षेचा होता. चार वाजता रंभाजी तात्या ड्रोन बघायला येणार होते. तात्यांचा बारा एकर कांदा! आणि तात्या हो म्हणाले तर अख्खी वस्ती हो म्हणणार, तात्या नाही म्हणाले तर ड्रोन पडवीत पडून राहणार, हे उघड होतं. त्यात तात्यांनी पारावर आधीच सांगून ठेवलेलं, "सूनबाईनं बटन दाबायचं आन माज्या कांद्यात इमान कोसळायचं. नगं बाबा!" वहिनी चार दिवस नीट जेवल्या नव्हत्या. सकाळी दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून त्या गटाच्या मीटिंगला श्रीरामपूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "भाऊजी, ड्रोनवर लक्ष ठेवा हं."

ठेवलं की! एवढं लक्ष तर मी माझ्या लग्नातसुद्धा नवरीवर ठेवणार नाही!

दुपारी दोनला आरमार जमलं. माझं विमानवाहू म्हणजे चार प्लास्टिकची पिंपं आणि त्यावर बांधलेलं गोठ्याचं जुनं फाटक. वर खडूनं धावपट्टी आखली. पांढरे पट्टे बिट्टे! एकदम दिमाखदार!

पार्थची बॅटलशिप मात्र बघून माझी छातीच दडपली. त्यानं आमच्या बंद गुऱ्हाळातली काहील काढली होती! ज्यात उसाचा रस आटवून गूळ करतात, ती सात फुटी लोखंडी कढई! चार गड्यांनी गोणपाटं अंथरून, दोर लावून ती तळ्यात सोडली. आणि ती तरंगली हो! अशी ऐटीत, जशी काय सरपंचीणबाई पालखीत बसलीय!

शेततळ्याला आत प्लास्टिकचा कागद असतो, त्याला भोक पडलं की उन्हाळाभर बोंबला. म्हणून संस्कृतीनं नियम केला, फावडं, पहार, काहील सोडून लोखंडाचं काहीही चालणार नाही. मग पार्थला वल्ही म्हणून धान्य पाखडायची दोन प्लास्टिकची सुपं दिली. कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब. ट्यूबमध्ये अडकून काहिलीत बसलेला पार्थ लांबून मेदूवड्यासारखा दिसत होता.

"ऐका!" संस्कृती बांधावर खुर्ची टाकून बसली होती. "पार्थकडं वीस सडके कांदे. तीन कांदे फाटकावर पडले की विमानवाहू बुडालं. चेतनकडं टाकीत साधं पाणी. फवारा पार्थच्या डोक्यावर पडला की बॅटलशिप बुडाली. कुणी रडायचं नाही."

पहिल्या फेरीत मी नुसताच सराव केला. ड्रोन फाटकावरून उडवला, तळ्याला चार चकरा मारल्या, मग आपला बांधापलीकडच्या मोकळ्या रानात कसाबसा टेकवला. धप्पकन! संस्कृती म्हणाली, "हे उतरणं नाही, पडणं आहे." तेवढ्यात एक बॅटरी संपली. म्हणलं, असू दे, वहिनींना एक पुरते!

मग खरी लढाई! मी दुसरी बॅटरी लावून ड्रोन परत फाटकावर ठेवला. फाटक दोरीनं बांधाला बांधलेलं होतं, तिकडं बघून पार्थ ओरडला, "बांधलेलं जहाज म्हणजे गोठ्यातली म्हैस! असल्या जहाजावर नेम धरायला मला लाज वाटती!"

आता हे कोण ऐकून घेईल? विमानवाहू जहाजाचं सगळं थोरपण कशात आहे? ते हलतं! शत्रूला ठिकाण सापडत नाही! मी स्वतःच्या हातानं दोरी सोडली. फाटक पायानं ढकललं, ते तळ्याच्या मधोमध गेलं, तिथनं ड्रोन गरगरत उठला आणि मी गर्जना केली, "आता बघ!"

लई मजा आली हो पहिली पाच मिनिटं! पार्थ डाव्या हातानं सूप मारायचा, उजव्या हातानं कांदा फेकायचा, की काहील जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि कांदा नेमका संस्कृतीच्या दिशेनं यायचा. दोन कांदे तिच्या खुर्चीला लागले. "पंचावर गोळीबार! पाच गुण वजा!" ती ओरडली. मी ड्रोन काहिलीवर नेला आणि फवारा सोडला. वाऱ्यानं सगळं पाणी माझ्याच अंगावर आलं. पार्थ कोरडा ठणठणीत!

या धुमाळीत एक गोष्ट कुणीच बघितली नाही. ड्रोनच्या पंखांचा वारा केवढा असतो! त्या वाऱ्यानं माझं विमानवाहू, पांढऱ्या पट्ट्यांसकट, हळूहळू सरकत सरकत तळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्याला जाऊन लागलं होतं.

आणि रिमोट वाजायला लागला. टूं! टूं! टूं!

"काय झालं?" संस्कृती.

"बॅटरी संपत आली. काही नाही, आता तो आपोआप घरी येतो. वहिनींनी तसं लावूनच ठेवलंय."

"घरी म्हणजे कुठं?"

"जिथून उडाला, तिथं."

मी हे बोललो आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. जिथून उडाला, तिथं! ड्रोनला काय माहीत फाटक सरकलंय! त्याच्या डोक्यात फक्त जागा पक्की. आणि ती जागा आता होती तळ्याच्या मधोमध, दहा फूट पाण्यावर!

बारा एकर गेले, वहिनींचं सर्टिफिकेट गेलं, बचत गटाच्या दहा बायकांची नावं बुडाली, सगळं मला डोळ्यासमोर दिसलं. मी रिमोटच्या काड्या ओढल्या, ढकलल्या, हलवल्या. ड्रोन माझं काही ऐकेना. ठरल्या जागेवर जाऊन वर थांबला आणि एक एक फूट खाली यायला लागला.

"पार्थ!" मी किंचाळलो. "काहील खाली आण! ड्रोनच्या खाली आण!"

"का? मला बुडवायला?"

"अरे वहिनींचा ड्रोन पाण्यात चाललाय रे!"

आणि मित्रांनो, इथं मला पार्थला मानावं लागतं. भांडण बिंडण सगळं विसरला! दोन्ही सुपं धरून असा सपासप निघाला, की काहिलीपुढं लाट उठली. बरोब्बर ड्रोनच्या खाली आला. वर बघतो तर सहा पंखे घोंघावत डोक्यावर! "आयोऽऽ!" म्हणून पठ्ठ्यानं ट्यूबसकट पाण्यात उडी घेतली. काहील डुगडुगली, सावरली. आणि ड्रोन, काय सांगू तुम्हाला, शेवटचे दोन फूट सावकाश खाली येऊन काहिलीच्या मधोमध बसला! अंड्यावर कोंबडी बसावी तसा! पंखे थांबले. सगळीकडं शांतता. पाण्यात पार्थ, ट्यूबमध्ये, गोल गोल फिरतोय.

"आगं आयाया!" बांधावरनं आवाज आला.

वळून बघितलं. वहिनी! आणि त्यांच्या शेजारी रंभाजी तात्या! चार वाजायला अजून अर्धा तास होता, पण तात्यांना दुपारची झोपच लागली नव्हती म्हणे!

मी रिमोट पाठीमागं लपवला. वहिनींनी एकदा तळ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ते बघणं असलं होतं, की पाण्यात पार्थच्या जागी मी असतो तर बरं, असं वाटलं.

"सूनबाई," तात्या टोपी मागं सरकवत म्हणाले, "येवढ्याशा काहिलीत? पान्यावर? हालत्या काहिलीत उतरलं व्हय हे?"

वहिनींनी पदर सावरला. मग इतक्या शांतपणे बोलल्या, की मीच गार पडलो. "तात्या, ते जिथून उडतं ना, बरोब्बर तिथंच येतं. एक वीत इकडंतिकडं न्हाई."

शब्द न् शब्द खरा! खोटं एक अक्षर नाही!

"आन ह्यो पान्यातला कोन?"

"ते आमचं... ट्रेनिंग चालू होतं," मी.

"भाऊजी," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या, आणि हा गोड आवाज लई वाईट असतो, "दुसरी बॅटरी द्या. तात्यांना रानात दाखवते."

मी मान खाली घातली. संस्कृती, जिनं आयुष्यात कधी कुणाची बाजू घेतली नाही, ती खुर्चीवरून म्हणाली, "दोन्ही त्यानंच संपवल्या." पंच म्हणे!

वहिनींचा चेहरा उतरला. पण तात्यांना त्याचं काय! ते गुडघे टेकून काहिलीकडंच बघत होते. म्हणाले, "तासभर चार्जिंग लागतंय का? लागू द्या की. मला घाई न्हाई. म्या माज्या डोळ्यानं बघितलंया. बारा एकर तुमचं, सूनबाई!"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. म्हणलं, सुटलो!

कसला सुटतोय!

दोन तासांनी आम्ही तात्यांच्या रानात. वहिनींनी नेहमीची केशरी ताडपत्री अंथरली, ड्रोन त्यावर ठेवला. तात्या हातातली काठी आडवी धरून उभे.

"हे काय? काहील कुटं हाय?"

"तात्या, काहील लागत नाही, ताडपत्रीवर..."

"सूनबाई, काहिलीत उतरतंय म्हनून तर म्या हो म्हनलं! माज्या कांद्याच्या पातीला पंखा लागला तर? काहिलीबिगर माज्या रानात इमान उतरायचं न्हाई!"

वहिनींनी हळूच मान वळवली. पार्थकडं बघितलं. मग माझ्याकडं. आम्ही दोघं काहील आणायला निघालो.

तेव्हापासून आज दीड महिना झाला, मित्रांनो. तात्यांचं ऐकून भिमाजीनं काहील मागितली, त्याचं बघून बन्सीनं. वहिनींना आता पार केडगावच्या पाहुण्यांकडनं फोन येतात. पहिला प्रश्न हाच, काहील संगं येती ना? गटाचं नाव झालं, वहिनी दोन वेळा नीट जेवायला लागल्या, मला तेवढंच पाहिजे होतं. आमचं काम म्हणजे टेम्पोतनं काहील उतरवायची, पालथी करून डोक्यावर घ्यायची, पुढं पार्थ, मागं मी, दोन्ही बाजूंना दोन गडी, आणि सरीतनं चालत जायचं. लांबून म्हणे फक्त आठ पाय असलेलं कासव दिसतं.

पण आमचं ठरायचं ते ठरलं नाहीच. काल काहिलीखाली अंधारात घाम गाळत पार्थ म्हणाला, "शेवटी विमान बॅटलशिपवरच उतरलं ना? म्हणजे बॅटलशिप जिंकली!"

"अरे हॅट! ज्याच्यावर विमान उतरतं, ते विमानवाहू! तुझं जहाज त्या दिवशी माझ्याकडं आलं!"

"तोफा माझ्या होत्या!"

"तोफा? सडके कांदे रे ते!"

लोखंडाखाली आवाज असा घुमत होता, जसं काय जटलंडच चालू आहे! तेवढ्यात वरून काठीनं काहिलीवर टण् टण् वाजलं. तात्या होते.

"हळू बोला रं पोरांनो! इमान बिचकंल!"

मग पुढचं भांडण आम्ही कुजबुजत केलं. उगाच बिचकलं बिचकलं, तर वहिनींना काय सांगायचं?